डीएनए जुळवायचा कशाशी? जुन्या गोव्यातली राणी आणि आपल्याकडचे अनोळखी मृतदेह

मांडवीकाठ

जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा इथल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. बॉम जीझस चर्चच्या गर्दीतून बाहेर पडून टेकडी चढलं की तो दिसतो. जांभ्या दगडाचा, ४६ मीटर उंच, अर्धाच उरलेला. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंतही गेली. या ढिगाऱ्यात आमच्या एका राणीचं हाड आहे, असं जॉर्जिया देशातले लोक कित्येक वर्षं सांगत होते.

राणीचं नाव केतेवान. पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची. इराणच्या शाह अब्बासने तिला शिराजमध्ये ओलीस ठेवलं होतं. धर्म बदलायला ती तयार होईना, म्हणून १६२४ च्या सप्टेंबरात हाल हाल करून तिला मारलं. तिथे तेव्हा ऑगस्टीनियन पंथाचे पोर्तुगीज पाद्री राहत होते. त्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले. काही जॉर्जियात पोचवले, काही १६२७ साली गोव्याच्या मठात आणले. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागासुद्धा लिहिलेली होती: मठातल्या अमुक चॅपेलमध्ये, खिडकीशी, दगडी पेटीत.

चॅपेलच पडलेलं, तर खिडकी कुठली शोधणार? पुरातत्त्व खात्याने पायाच्या भिंतींवरून जुना आराखडा बसवत नेला आणि २००४ साली त्या जागेच्या आसपास हाताच्या हाडाचा एक लांब तुकडा मिळाला. सोबत आणखी काही हाडं होती. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेत त्यांची तपासणी झाली. हाताच्या हाडातला आईकडून येणारा डीएनए यू१बी नावाच्या गटातला निघाला. भारतीय उपखंडातले २२ हजारांहून जास्त नमुने ताडून पाहिले, त्यांत हा गट एकदाही आला नाही. जॉर्जियातले थोडे नमुने घेतले, त्यांत मात्र आला. बाकीची हाडं आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या गटांची होती.

२०१७ साली हे अवशेष दर्शनासाठी जॉर्जियाला नेले आणि २०२१ च्या जुलैत परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यातला एक भाग कायमचा देऊन टाकला.

मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते असं, की त्या हाडातून केतेवान हे नाव बाहेर आलेलं नाही. हाडाने एवढंच सांगितलं की या बाईचा मातृवंश इथला नव्हे, तिकडचा आहे. पुढचं काम मठाच्या कागदांनी केलं. शिराजमधली हकिकत, १६२७ साल, खिडकी, पेटी हे सगळं कुणीतरी लिहून ठेवलं नसतं, तर प्रयोगशाळेच्या हातात ‘कॉकेशसकडची एक अज्ञात व्यक्ती’ एवढंच उरलं असतं.

आता आजचं. सर्वोच्च न्यायालयात लोकनीती फाउंडेशनने केलेल्या याचिकेत म्हटलं होतं की देशात दरवर्षी ४० हजारांच्या आसपास अनोळखी मृतदेह मिळतात. त्यांचा डीएनए घेऊन हरवलेल्यांच्या नातेवाइकांशी ताडून पाहावा. सरकारने कायदा आणण्याचं आश्वासन दिल्यावर २०१८ साली ती याचिका निकालात निघाली. २०१९ मध्ये विधेयक लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं आणि २०२३ च्या जुलैत मागे घेतलं गेलं. चारशे वर्षांपूर्वीच्या हाडाला आपण नाव देऊ शकतो. काल रुळावर सापडलेल्या माणसाला का देऊ शकत नाही? मला वाटतं अडचण यंत्रांची नाही. जुळवायला समोर दुसरा नमुनाच नसतो. पोलिसात, प्रयोगशाळेत काम केलेल्यांनी कृपया लिहावं.

अबोली

सुंदर लेख. मनोरा दोनदा पाहिलाय, पण ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. वाचते आहे, पुढचे प्रतिसाद येऊ द्या.

गणूमास्तर

माहिती चांगली आहे, पण मनाला लागलं ते लिहितो. राणी होती म्हणून दोन देशांची सरकारं तिच्यामागे उभी राहिली. आमच्या तालुक्यात धरणाच्या भिंतीशी दरवर्षी एखादं प्रेत लागतं. पेपरात चार ओळी येतात: वय अंदाजे ४५, रंग सावळा, अंगात निळा शर्ट. पुढच्या आठवड्यात दुसरी बातमी. त्या निळ्या शर्टवाल्याचीही कुठेतरी वाट पाहिली जात असेल ना?

प्रतिजैविक

मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं आहे. कुठे ते लिहीत नाही. मांडवीकाठ यांनी नेमकं बोट ठेवलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही मुख्यतः तीन प्रकारे पाहतो. पहिला प्रकार पेशीच्या केंद्रातला डीएनए. त्यात ठरावीक वीसएक जागी छोटे तुकडे किती वेळा पुन्हा पुन्हा येतात ते मोजतात. प्रत्येक जागी एक आकडा आईकडचा, एक बापाकडचा. आईबाप किंवा मुलं समोर असतील तर ही चाचणी जवळजवळ निर्विवाद असते. भाऊबहिणींवर तेवढी खात्री मिळत नाही. दोन-तीन भावंडं मिळाली तर बरं. फक्त मुलंच असतील तर त्यांची आईही लागते, म्हणजे मुलांमधला आईचा वाटा वजा करता येतो. लोकांना वाटतं बायकोचा काय संबंध, रक्ताचं नातं तर नाही. संबंध हा असा आहे.

दुसरा प्रकार वाय गुणसूत्राचा. बापाकडून मुलाकडे. इथे भाऊ, पुतण्या, चुलता, चुलतभाऊ कुणीही चालतो.

तिसरा मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत केंद्राबाहेर असणाऱ्या बारीक कणांचा, केतेवानच्या बाबतीत वापरला तो. पेशीत केंद्रातला डीएनए एकच असतो आणि मायटोकॉन्ड्रियाच्या प्रती शेकडो-हजारो. म्हणून जुन्या, कुजलेल्या हाडात पहिला प्रकार हाती लागला नाही तरी हा लागू शकतो. पण तो आडनावासारखा आहे, फक्त आईकडून चालत आलेला. देशपांडे आहेत एवढं कळलं म्हणून कुठले देशपांडे ते कळत नाही. तो ‘हे नव्हेत’ असं ठामपणे सांगतो, ‘हेच’ असं सांगायला सोबत दुसरा पुरावा लागतो. गोव्यात तो पुरावा कागदांचा होता.

रशियाचा शेवटचा झार आणि त्याचं कुटुंब यांची हाडं १९९१ साली येकातेरिनबुर्गजवळ उकरली, तेव्हा झारच्या राणीसाठी ब्रिटनच्या प्रिन्स फिलिप यांनी रक्त दिलं. का, तर राणीच्या बहिणीच्या मुलीचे ते मुलगे. पूर्ण आईकडची साखळी. दोन मुलांचे अवशेष त्या खड्ड्यात नव्हते, ते २००७ मध्ये थोड्या अंतरावर मिळाले आणि मग ते कोडं मिटलं.

तांबडा_दगड

प्रतिजैविक, एक शंका. गोव्यातली, कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी. वर चार महिने पाऊस. अशा जमिनीत चारशे वर्षं डीएनए टिकतो कसा? आमच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीचं पुरलेलं जनावराचं हाड हातात घेतलं तर चुरा होतो.

प्रतिजैविक

@तांबडा_दगड, अगदी बरोबर शंका. ऊन, ओल आणि आम्ल हे तिन्ही डीएनएचे वैरी. म्हणून आपल्या हवेत जुन्या हाडातून डीएनए काढणं थंड देशांपेक्षा पुष्कळ कठीण. टिकतो तो घट्ट हाडात आणि दातात. मांडीच्या हाडाचा मधला भाग, न किडलेली दाढ, कानामागचं दगडासारखं कठीण हाड, अशा जागा आम्ही निवडतो. वरचा थर खरवडून टाकायचा, आतल्या भागाची पूड करायची, कॅल्शियम विरघळवून काढायचं, मग डीएनए. सगळ्यांत मोठी भीती असते ती आपलाच डीएनए त्यात मिसळण्याची. म्हणून तपासणाऱ्या सगळ्यांचे नमुने नोंदवून ठेवलेले असतात.

अग्नी दिलेल्या अस्थींबद्दल नेहमी विचारतात. नीट जळलेल्या, पांढऱ्या पडलेल्या हाडातून बहुतेक काहीच मिळत नाही. अर्धवट जळलेल्यातून मिळू शकतं.

आणि एक कळकळीची विनंती, इथे कुणी डॉक्टर असतील तर. डीएनएसाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये बुडवून पाठवू नका हो. फॉर्मालिन डीएनए खराब करतं. रीतसर सील करून, पंचांच्या सह्या घेऊन, निकामी झालेला नमुना हातात येतो तेव्हा फार वाईट वाटतं.

फौजदार_काका

निवृत्त आहे. ग्रामीण भागात आणि लोहमार्गावर, दोन्हीकडे नोकरी झाली. मास्तरांच्या निळ्या शर्टबद्दल लिहितो.

अनोळखी मयत मिळाला की आधी अकस्मात मृत्यूची नोंद. मग मरणोत्तर पंचनामा, फोटो, बोटांचे ठसे उठत असतील तर ठसे. वर्णन लिहिताना माझे साहेब सांगायचे, गोंदण आधी बघ. जुन्या बायकांच्या हातावर नाव असायचं, नवऱ्याचं किंवा भावाचं. पुरुषांच्या बाबतीत शर्टाच्या कॉलरला शिंप्याची पट्टी. त्या पट्टीवरून मी माणसं शोधली आहेत. गावाचं नाव मिळालं की शिंप्याकडे जायचं, तो कापड ओळखतो. आता सगळे तयार कपडे घालतात, तो धागा तुटला.

नंतर आजूबाजूच्या ठाण्यांना संदेश, शोधपत्रिका, मिसिंगच्या नोंदी पाहायच्या. शवागारात जागा कमी, त्यामुळे काही दिवसच वाट पाहता येते. मग अंत्यविधी. आम्ही शक्य तिथे पुरायचो. उद्या कुणी आलंच तर उकरता यावं म्हणून.

डीएनएचं म्हणाल तर माझ्या काळात खून दिसत असेल किंवा कुणी नातेवाईक समोर उभा असेल, तरच नमुना जायचा. नाहीतर वरून प्रश्न यायचा: जुळवायचा कशाशी? तोच प्रश्न या धाग्याला नाव म्हणून दिलेला पाहिला आणि लिहायला बसलो. तपासी अंमलदाराला दोष द्यायला सोपं आहे. हातात पन्नास कामं असतात आणि मयताच्या बाजूने भांडणारं कुणी नसतं.

आणखी एक. मयत एका जिल्ह्यात, मिसिंगची तक्रार दुसऱ्या राज्यात. मुंबईत लोकलखाली आणि रुळांवर वर्षाला दोन हजारांवर माणसं जातात. त्यातला उत्तर प्रदेशातला मजूर असेल तर घरच्यांना तो मुंबईत होता की सुरतेत, हेच माहीत नसतं. ते तक्रार करतात तिकडच्या चौकीत.

मांडवीकाठ

काका, फार आभार. शिंप्याच्या पट्टीचं वाचून थांबलोच. हीच ती दुसरी बाजू. ती पूर्वी शिंप्याकडे होती, गोंदणात होती. आता ती नातेवाइकांच्या रक्तात आहे आणि ते रक्त कुणी मागत नाही.

बडोदेकर

मी गुजरातेतला मराठी माणूस. १२ जून २०२५ चा अहमदाबादचा विमान अपघात आमच्या फार जवळचा. एकूण २६० माणसं गेली, विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९. इंधनाचा भडका असा की चेहरे ओळखता येत नव्हते. पण दोन-अडीच आठवड्यांत ओळख पटवण्याचं काम जवळपास संपलं. माजी मुख्यमंत्री विजय रूपाणी यांचा नमुना तिसऱ्या दिवशी जुळला.

हे जमलं कारण प्रवाशांची यादी होती. कोण गेलं हे पहिल्या तासातच ठाऊक होतं, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी रक्त द्यायला सिव्हिलच्या दारात उभं होतं, लंडनहूनही लोक आले. जमिनीवरच्यांची गोष्ट वेगळी. विमान ज्या वसतिगृहावर पडलं त्याच्याजवळून त्या वेळी कोण जात होतं, चहाच्या टपरीवर कोण होतं, याची यादी कुठे असते? घरी परतला नाही म्हणून शोधत कुणी आलं, तरच.

एवढं करूनही ब्रिटनला गेलेल्या काही शवपेट्यांत चूक झाल्याचं तिथल्या कुटुंबांच्या वकिलांनी सांगितलं. यावर प्रतिजैविकांनी लिहावं.

प्रतिजैविक

@बडोदेकर, त्या विशिष्ट प्रकरणात काय झालं यावर मी बोलणार नाही, माझ्यासमोर कागद नाहीत. सर्वसाधारण सांगतो. स्फोटात, आगीत अवशेष एकमेकांत मिसळतात. एका पिशवीतल्या एका तुकड्याचा डीएनए जुळला म्हणजे त्या पिशवीतलं सगळं त्याच माणसाचं असतं असं नाही. शिवाय चाचणीइतकंच महत्त्व चिठ्ठीला. कुठल्या जागेवरून उचललं, कुठला क्रमांक लावला, कुणी कुणाकडे दिलं. या साखळीत एक आकडा इकडचा तिकडे झाला तर उत्तम यंत्रही चुकीचं उत्तर देईल. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत २,७५३ माणसं गेली. त्यातल्या सुमारे १,१०० जणांचा आजही एक तुकडासुद्धा ओळखता आलेला नाही आणि तिथली प्रयोगशाळा अजून त्याच अवशेषांवर नव्या पद्धतींनी काम करते आहे.

दूरदेशी

मी युरोपात राहते. बोस्नियातल्या सरायेव्होला गेले असताना स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीच्या दफनभूमीला जाऊन आले, त्याबद्दल लिहिते. १९९५ च्या जुलैत तिथे आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. मारणाऱ्यांनी आधी मोठ्या खड्ड्यांत पुरलं आणि काही आठवड्यांनी पुरावा लपवायला बुलडोझरने उकरून दूरदूरच्या दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकलं. त्यामुळे एकाच माणसाची हाडं चार-चार ठिकाणी, मैलोन् मैल अंतरावर सापडली.

कपडे, खिशातल्या वस्तू यांवरून ओळख पटेना. बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने मग काम उलट बाजूने सुरू केलं. आधी जिवंत माणसांकडून रक्त गोळा केलं, बोस्नियात आणि जिथे जिथे निर्वासित पसरले होते तिथे जाऊन. मोठा साठा तयार झाला आणि प्रत्येक हाड त्याच्याशी ताडून पाहायला लागले. २००१ च्या नोव्हेंबरात पहिला माणूस जुळला. आज सात हजारांच्या जवळपास माणसांना नाव मिळालं आहे.

एक गोष्ट तिथे कळली ती मनातून जात नाही. दफन दरवर्षी ११ जुलैला होतं. हाडं तुटक मिळत असल्याने घरच्यांना ठरवावं लागतं: आत्ता सापडलेलं एवढंच पुरायचं, की उरलेलं मिळेपर्यंत थांबायचं? एखादी आई मुलाच्या दोन हाडांवर वर्षानुवर्षं थांबलेली असते. पुरल्यानंतर आणखी तुकडा मिळाला तर पुन्हा विचारलं जातं, कबर उघडायची का. आणि काही हाडं अशी आहेत की डीएनए उत्तम निघाला आहे, पण जुळवायला कुणीच नाही. कारण त्या घरातलं कुणीच उरलं नाही.

पारिजातक

दूरदेशी ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून पंजाबातल्या अजनाल्याची आठवण झाली. तिथल्या विहिरीतून २०१४ साली शेकडो माणसांच्या कवट्या, हाडं आणि हजारो दात निघाले. काही म्हणत होते फाळणीतले, काही म्हणत होते १८५७ चे. अमृतसरचा तेव्हाचा अधिकारी फ्रेडरिक कूपर याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतून निघालेल्या २६ व्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या २८२ शिपायांचा त्याने अजनाल्यात शेवट केला. काहींना गोळ्या घातल्या, काही कोंडलेल्या खोलीत गुदमरून मेले, आणि सगळ्यांना विहिरीत टाकलं.

पंजाब विद्यापीठ, सीसीएमबी, लखनौची बीरबल साहनी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ यांच्या संशोधकांनी दातांचा डीएनए आणि दातांतल्या ऑक्सिजनच्या हलक्या-जड प्रकारांचं प्रमाण दोन्ही तपासलं. बालपणी माणूस जिथलं पाणी पितो, अन्न खातो त्याची खूण दातांच्या घडणीत राहते. २०२२ साली निष्कर्ष आला: ही माणसं पंजाबची किंवा पलीकडची नाहीत, गंगेच्या मैदानातली आहेत. त्या पलटणीत भरती तिकडूनच होती. म्हणजे कूपरची नोंद आणि दात एकमेकांना दुजोरा देतात.

पण एकाही शिपायाचं नाव त्यातून मिळालेलं नाही. गाव कुठल्या बाजूचं ते कळलं, घर नाही. शिवाय विहीर गावकऱ्यांनी स्वतः उकरली, भावना समजते, पण सांगाडे एकमेकांत मिसळले ते मिसळलेच.

सह्यकडा

मी विरोधी सूर लावतो. सगळ्यांचा डीएनए सरकारकडे ठेवायला माझा ठाम विरोध आहे. मी पारध्यांच्या वस्त्यांवर काम करतो. १८७१ च्या कायद्याने जमातच्या जमात जन्मजात गुन्हेगार ठरवली, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण कुठे चोरी झाली की गाडी आजही वस्तीवरच येते. उद्या हरवलेल्या मुलासाठी आईने रक्त दिलं आणि त्याच रक्तावरून तिच्या दुसऱ्या मुलाला कशात गोवलं, तर? २०१९ च्या विधेयकात गुन्ह्याच्या जागेवरचे, संशयितांचे, गुन्हेगारांचे, हरवलेल्यांचे आणि अनोळखी मृतांचे असे पाचही साठे एकाच पेढीत होते. ते मागे घेतलं याचं मला दुःख नाही.

मांडवीकाठ

@सह्यकडा, तुमची भीती खरी आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मला वाटतं की शेवटचे दोन साठे पहिल्या तिन्हींपासून तोडायला हवेत. वेगळा कायदा, वेगळी संस्था, पोलिसांच्या हाताबाहेर. नातेवाइकाने स्वखुशीने दिलेलं रक्त फक्त त्याच्या माणसाच्या शोधासाठी वापरायचं, माणूस मिळाला किंवा नातेवाइकाने सांगितलं की नष्ट करायचं. पाच साठे एकत्र बांधले म्हणून गुन्ह्याच्या वादात हरवलेल्यांचं कामही बुडालं. तुमच्या वस्तीवरच्या बाईचा मुलगा हरवला तर त्याला शोधण्याचा हक्क तिलाही हवाच ना? आज तो कुणालाच नाही.

सह्यकडा

वेगळा कायदा, वेगळी संस्था असेल तर मी विचार करीन. पोलिसांच्या हाताबाहेर हे मात्र कागदावर राहता कामा नये.

अबोली

इरसाळवाडीचं काय? १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, २७ मृतदेह निघाले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोध थांबवला. तिथे डीएनएचा काही उपयोग झाला असता का?

प्रतिजैविक

@अबोली, तिथे प्रश्न उलटा होता. नावं सगळी माहीत होती, घर कुणाचं कुठे तेही माहीत होतं, देह मात्र मातीखाली खोल राहिले. जे हातीच लागलं नाही त्याची चाचणी कशी करणार? वायनाडला ३० जुलै २०२४ ला दरड आली तेव्हा देह आणि देहाचे तुकडे नदीतून वाहत कित्येक किलोमीटर खाली गेले. पुत्तुमलाला सामूहिक दफनभूमी केली, थडग्यांवर नावाऐवजी क्रमांक लिहिले, आणि जसजसे नातेवाइकांचे नमुने जुळले तसतशी क्रमांकांच्या जागी नावं आली. प्रत्येक तुकड्याचा नमुना पुरण्याआधी घेतला होता म्हणूनच हे होऊ शकलं.

ओवी

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते आहे. माझे मामा २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या गटातले दोघे आले, त्यांनी मामांना शेवटचं वाटेवरच्या रामबाड्याला पाहिलं. तेव्हा आमच्याकडून तक्रार, फोटो, ओळखपत्राची प्रत सगळं घेतलं. रक्ताचं कुणी बोललं नाही आणि आम्हाला सुचलं नाही. आजी तेव्हा होती. दरवाजा वाजला की ती उठून बसायची. ती गेली त्याला काही वर्षं झाली. मामांचं लग्न झालं नव्हतं, मुलंबाळं नाहीत, आजोबा आधीच गेलेले. हा धागा वाचून वाटलं की जुळवायचं होतं ते आजीबरोबरच संपलं. संपलं का खरंच?

प्रतिजैविक

ओवीताई, नाही संपलं.

तुमच्या आजीचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तिने मामांना दिला आणि तुमच्या आईलाही दिला. तुमच्या आईकडून तो तुमच्याकडे आला. तुम्ही, तुमची आई, तुम्हाला मावशी असेल तर ती आणि तिची मुलं, तुमचा सख्खा भाऊ असेल तर तो, तुम्हा सगळ्यांत मामांचाच मातृवंश आहे. त्यात तुमची आई ही सख्खी बहीण, म्हणजे केंद्रातल्या डीएनएसाठीही सर्वांत उपयोगी. तिचा नमुना आधी द्या. मावशी असेल तर तिचाही. आजोबांच्या भावाचा मुलगा असेल तर त्याच्याकडून वाय गुणसूत्राची बाजूही मिळेल. तिन्ही एकत्र आले तर पुराव्याला चांगलं वजन येतं.

२०१३ च्या महापुरात मिळालेल्या अनोळखी मृतांचे डीएनए नमुने अंत्यसंस्काराआधी घेतले होते आणि त्यांची तपासणी हैदराबादला झाली. पुढच्या वर्षांत वाटेवर सांगाडे मिळत गेले, त्यांचेही नमुने घेतले गेले. मामा त्यांत असतीलच असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या बाजूचा नमुना तिथे पोचला नाही, तर असले तरी कळणार नाहीत.

ओवी

आईला वाचून दाखवलं. ती रक्त द्यायला आत्ता चला म्हणते आहे. कुठे जायचं?

फौजदार_काका

बाळ, थेट प्रयोगशाळेत जाऊ नकोस, खासगीत तर मुळीच नको. तो अहवाल तिकडे धरणार नाहीत. मूळ मिसिंगची तक्रार जिथे नोंदवली त्या ठाण्यात आईला घेऊन जा. तक्रारीचा क्रमांक, मामांच्या ओळखपत्राची प्रत, शिधापत्रिका किंवा शाळेचा दाखला, ज्यावरून आई त्यांची बहीण आहे हे दिसेल, आणि आजीचा मृत्यूचा दाखला बरोबर ठेव. लेखी अर्ज दे: अनोळखी मृतांच्या डीएनए नमुन्यांशी तुलना व्हावी म्हणून माझा नमुना घेऊन उत्तराखंड पोलिसांकडे पाठवावा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. टाळाटाळ झाली तर तीच प्रत पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठव, आणि एक रुद्रप्रयागच्या अधीक्षकांना. अर्जाचा मसुदा मी आज रात्री इथेच टाकतो, इतरांनाही कामाला येईल.

प्रतिजैविक

काकांच्या यादीत एक भर. मामांची वापरलेली एखादी वस्तू घरात राहिली असेल, दाढीचा ब्रश, कंगवा, न धुतलेली टोपी, तर ती धुऊ नका, प्लॅस्टिकमध्ये घालू नका. कोरड्या कागदी पाकिटात घालून, वर कुणाची आणि कधीची ते लिहून, तीही सोबत न्या. त्यांचा स्वतःचा डीएनए मिळाला तर नातेवाइकांच्या नमुन्यापेक्षाही तो सरस.

ओवी

जानव्याची डबी आणि कंगवा आहे. आजीने कुणाला हात लावू दिला नव्हता. काका, मसुद्याची वाट पाहते.